काकांची बीपीची गोळी

घाटकोपर, ३ जुलै २०२४

चि. दीप्तीस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की सुयोग ऐकतो, एका खोलीत लेकापासून काय लपवणार? म्हणून पत्र. त्याची तीनदा केमो झाली, रक्ताचा कॅन्सर हटत नाही. औषध लागूच पडत नाही म्हणे. आता डॉक्टरांनी औषध बदललंय. तू याच कॅन्सरच्या पेशींवर पीएचडी करतेस ना? मग मला कळेल असं लिही. तुझी आई म्हणते, लग्नाचा विषय काढला की तू पेशींत तोंड लपवतेस!

मायेत अंतर देऊ नकोस.

तुझी जानकीमावशी

मुलुंड, ९ जुलै

ती. मावशीस सा. न.

आईला सांग, पेशी बऱ्या, पत्रिका तरी मागत नाहीत.

या पेशींवर एक प्रथिन असतं. औषध आत शिरलं की ते बाहेर हाकलतं, सोसायटीचा वॉचमन सेल्समनला हाकलतो तसं. पण या आठवड्यात झकास झालं! आम्ही त्या वॉचमनलाच अडवलं, तेही बीपीच्या जुन्या गोळीने. काका घेतात तीच. एरवी ती हृदयाच्या पेशींत कॅल्शियम शिरायची वाट अडवते, म्हणून नाडी मंदावते. इथे मात्र केमोचं औषध आतच राहिलं आणि पेशी पटापट मेल्या. मी लॅबमध्ये नाचले गं!

अर्थात हे काचेच्या बशीतलं. माणसापर्यंत पोचायला वर्षं लागतील.

सुयोगला म्हणावं, कॅरममध्ये हरवायला येतेय. लोभ आहेच, तो वाढवावा.

तुझी दीप्ती

घाटकोपर, १४ ऑगस्ट

चि. दीप्तीस आशीर्वाद.

सुयोगच्या दहाव्याला येऊन गेलीस, पण घर माणसांनी भरलेलं, बोलता आलं नाही.

वर्षं लागतील असं तू लिहिलंस. आमच्याकडे वर्षं कुठे होती? तुझं पत्र आलं त्या दिवसापासून काकांच्या गोळ्या कुस्करून त्याच्या पेजेत घालत होते. डॉक्टरांना बोलले नाही, ओरडले असते. नाडी मंदावली तेव्हा मला हायसं वाटलं, तू लिहिलंस तसंच होत होतं. मग गोळी वाढवली. पेज भरवतानाच त्याचं हृदय थांबलं. केमोने कमकुवत झालं असेल म्हणे.

काल शेवटच्या तपासणीचा रिपोर्ट मिळाला. वाईट पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, नवी केमो लागू पडली होती, पोरगा वाचला असता. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! तुझीच गोळी लागली गं. माझं नशीबच फुटकं. रडून रडून डोळे सुजलेत, पण तुझा अभिमान वाटतो.

समोरच्या शकूच्या प्रांजललाही हाच आजार निघालाय. काका आता गोळ्यांना हात लावत नाहीत, म्हणून उरलेल्या शकूला देऊन आले. तुला भरभरून दुवा देत होती. आज सकाळपासून तिने प्रांजलला सुरू केल्यात.

या मावशीवर असाच जीव असू दे.

तुझी जानकीमावशी