तुझ्या स्वच्छ हातांबद्दल

आई,

तू गेलीस त्याला तीस वर्षं झाली आणि मी आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. आपल्या वरच्या मजल्यावरची माझी बोहरी मैत्रीण आठवते ना, कॉन्व्हेंटमध्ये माझ्याच बाकावर बसायची? ती आता कॉलेजच्या मुलींना त्यांच्यातल्या मुलींच्या खतन्याबद्दल सांगत फिरते. लहान मुलीच्या नाजूक जागी ब्लेड लावण्यात वैद्यकीय फायदा काहीच नाही. उरतं ते दुखणं, लघवीचा त्रास, पुढे नवऱ्याच्या स्पर्शाची भीती. मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं, म्हणून फळ्यावर आकृती काढायला मला नेते. परवा माटुंग्याच्या एका कॉलेजात गेलो होतो.

आकृती काढताना मला आपलं गिरगावातलं स्वयंपाकघर दिसत होतं. आम्ही दोघी सात वर्षांच्या. रविवार. तिची आजी तुला सांगते आहे, आमच्या दाईचा हात थरथरतो, तुम्ही हॉस्पिटलातल्या नर्सबाई, तुमचा हात स्वच्छ. तू आधी नाही म्हणतेस. मग म्हणतेस, कुठेतरी गंजक्या पात्यानं करतील, त्यापेक्षा माझ्याकडे बरं. पातं उकळतेस, धुतलेली चादर अंथरतेस आणि मला सांगतेस, जा, तिला खेळायला बोलाव. मी गेले. ती सागरगोटे घेऊन धावत आली. तू दार लावून घेतलंस. तिची किंकाळी मी जिन्यात उभी राहून ऐकली.

संध्याकाळी मी विचारलं तर म्हणालीस, "मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसू नकोस. माझ्या हातून एकही जखम चिघळलेली नाही."

तिच्यानंतर आणखी मुली आल्या. तुझ्यामुळे त्यांच्या आयांची भीतीच गेली. आई, तू त्या गोष्टीला सोवळं नेसवलंस.

परवा तिनं स्वतःवर गुदरलेलं सांगितल्यावर एका मुलीनं तिला विचारलं, "मॅम, तुम्हांला तिथं नेलं कोणी?"

"आजीनं ठरवलं होतं," ती म्हणाली. शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी माइक ओढला आणि मागच्या रांगेतल्या दोघींना मोबाइल बघण्यावरून झापलं. वर्ग हसला. परत येताना मनाला समजावत होते की तुझी अब्रू राखली. खोटं. राखली ती माझी.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तुला लिहिणं सोपं आहे. तू वाचणार नाहीस.