उसन्या पोरांची ‘अ’ श्रेणी

प्रिय अक्का,

गेल्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध झालं. तुझ्या लेकानं अंबाजोगाईला सगळं नीट केलं. जेवायला तुझ्या कितीतरी जुन्या शिक्षिका आल्या होत्या. प्रत्येकीकडे तुझी एक आठवण होती आणि प्रत्येक आठवणीत तू कुणाला तरी रागावत होतीस! मी गप्प बसून जेवलो. बापू गप्प बसला, यावर तुझा विश्वास बसणार नाही.

तिथून परत आलो तर आपल्या शाळेच्या कमानीवर मोठा फ्लेक्स. ‘अ श्रेणी मिळवल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ सरपंचाचा फोटो, उपसरपंचाचा फोटो, हेडमास्तरांचा फोटो. कोपऱ्यात माझाही, कारण मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. फक्त पोरांचा फोटो नाही. पोरांचा कसा असणार? ती पोरं आपली नव्हतीच!

म्हणून हे पत्र. गावासमोर बोलून झालं, साहेबासमोर बोलून झालं. आयुष्यभर व्यासपीठावरून गर्जना केल्या, पण या प्रकरणात माझ्या शब्दाला कुणी विचारलं नाही. तू ऐकशील. निदान मध्येच उठून जाणार नाहीस.

तुला आठवतं, तू केंद्रप्रमुख होऊन आपल्या भागात आलीस तेव्हाची गोष्ट? आजूबाजूच्या गावांच्या जिल्हा परिषद शाळा तुझ्या हाताखाली. पहिल्या तपासणीला तू युसूफ वडगावच्या बाजाराच्या जीपमधून उतरलीस, कोथिंबिरीच्या पेंढ्या आणि एक बकरी यांच्यामधून वाट काढत. हेडमास्तर शाल-नारळ घेऊन फाटकात उभे. तू म्हणालीस, “शाल ऱ्हाऊ द्या गुरुजी, ऊन लई हाय.” आणि थेट वर्गात जाऊन शेवटच्या ओळीत, दाराजवळ, सतरंजीवर मांडी घातलीस.

तू वाचून दाखव म्हणाली नाहीस, पाढे विचारले नाहीस. शेजारच्या पोरीला विचारलंस, “तुझ्या शेजारी कोण बसतं गं?”

केवढा साधा प्रश्न! मला तेव्हा हसू आलं होतं. पण त्या एका प्रश्नातून तुला सगळा वर्ग कळायचा. “सुनीता बसती, पर ती कारखान्याला गेलीय.” “शेजारी कुनी न्हाई बसत, मला खरूज झाल्ती.” कोण ऊसतोडीला गेलं, कोण आजारी, कोणाला कोण शेजारी घेत नाही, ते पोरंच सांगायची.

आणि मी तुझ्याबरोबर आलो होतो त्या दुसऱ्या एका शाळेत काय झालं! तू प्रश्न विचारलास आणि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कुणालाच शेजाऱ्याचं नाव येईना. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम. तपासणीसाठी बाजूच्या गावातली हुशार पोरं आणून बसवली होती. तू हसलीस. “गुरुजी, साखर आणावी उसनी, पीठ आणावं उसनं. पोरं काय उसनी आणता?” मला वाटलं, आता निलंबन. तू शेरा कडकच मारलास. पण पुढच्या गुरुवारी तू परत त्या शाळेत. मग त्याच्या पुढच्या गुरुवारी. गुरुजींना बाकावर बसवून स्वतः वर्ग घेतलास. वाचता न येणाऱ्या पोरांना कसं धरायचं, ते दाखवलंस. वर्ष सरेपर्यंत त्या शाळेला उसनं काही आणायची गरज उरली नाही.

मी तेव्हा तुझ्यावर चिडायचो. “चोरी पकडलीस आणि चोराच्याच घरी पाणी भरतेस?” तू म्हणायचीस, “बापू, नाडी बघून निघून जातो तो डॉक्टर कशाचा रे?”

अक्का, आता सगळे नाडीच बघतात. औषध कुणाकडेच नाही!

यंदाची तपासणी उन्हाळ्याच्या तोंडाला झाली. ऊसतोडीची पहिली कुटुंबं नुकतीच परतली होती. त्यांच्यात मंगलची शीतल होती. तिसरीचं वर्ष, पण निम्मं वर्ष उसाच्या फडात आणि कोप्यावर, पाचटाच्या झोपडीत गेलेलं. धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी भरायचं, बैलांपुढे उसाचे हिरवे वाढे टाकायचे. पोरगी हुशार आहे, बोलायला लागली तर मला ऐकत नाही. पण पुस्तक समोर धरलं की अक्षरावर बोट ठेवून नुसती बघत बसते.

तपासणी झाली, निकाल आला, पेढे वाटले. मीही एक खाल्ला. त्यानंतर एका सकाळी मंगल माझ्या दारात उभी. हातात शाळेचा नवा गणवेश.

“बापू, हे बघा. शाळंतून मिळाला शीतलला. नवा म्हनले. नव्या कापडाच्या खिशावर शाई कावून?”

खिशावर खरंच निळा डाग होता. कापडाला पावडरीचा वास येत होता.

“तिनंच सांडली असंल,” मी म्हणालो.

“तिच्याकडं शाईचा पेन हाय व्हय? आन् ज्या दिवशी साहेब आल्ते, त्या दिवशी तिला घरी बस म्हनले. आमच्या सगळ्याच पोरान्ला. कावून? आमच्या लेकरांना काय ताप आल्ता?”

सभेत हजार माणसांना उत्तर देणारा तुझा भाऊ त्या बाईसमोर डागाकडे बघत उभा राहिला.

तिथून मी थेट हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. हमरस्त्यावरची खासगी शाळा त्यांच्या साडूची. तिथली पोरं सकाळी गाडीत घालून आणली, मागच्या दारानं आत घेतली. ऊसतोडीच्या पोरांसाठी आलेले गणवेश त्यांना घातले. साहेबांनी धडा वाचायला सांगितला, पोरांनी घडाघडा वाचला. साहेब खूश. दुपारी गणवेश काढून, घडी घालून परत गठ्ठ्यात.

मी तोंड सोडलं. काय काय बोललो ते लिहीत नाही, तू कान धरशील. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “झालं बोलून? आता माझं ऐका. मागं ‘क’ श्रेणी आल्ती तवा काय झालं? नोटीस आली. पगारवाढ अडवीन म्हनले. मानूस आला का शिकवाया? एक तरी आला का? चार वर्ग आन् आमी दोघं मास्तर. त्यातला एक सारखा मीटिंगला. तुमच्या अक्का होत्या तवा मी कवा खोटं केलं का, सांगा.”

सांग ना अक्का, काय सांगू मी त्यांना? ते खोटं वागले, पण खोटं बोलत नव्हते. तू होतीस तेव्हा कमी श्रेणी म्हणजे तू येणार एवढाच अर्थ होता. तू निवृत्त झालीस, तुझी जागा भरलीच नाही. एका मास्तरकडे ‘प्रभारी’ म्हणून सोपवली. तो बिचारा स्वतःचा वर्ग सोडून शाळाशाळांतून माहिती गोळा करतो आणि मोबाइलवरून वर पाठवतो. वरून आणखी माहिती मागतात. तपासणारे पुष्कळ झालेत गं. शेजारी बसणारं कुणी उरलं नाही.

मग मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात गेलो. म्हटलं, चोरी राहू दे बाजूला, आधी मदत मागू. परत आलेल्या पोरांना वाचायला शिकवायला एखादा विषयतज्ज्ञ द्या, उन्हाळाभर, दिवाळीपर्यंत तरी. दिवाळीनंतर ऊसतोडीचा कोयता पुन्हा निघेल, शीतल पुन्हा फडात जाईल. हाती आहे तो एवढाच काळ. यंदा ती वाचायला लागली नाही, तर पुढच्या वर्षी ती शाळेत येणार नाही, भावाला सांभाळायला कोप्यावरच राहील, हे तुला मी सांगायला नको.

साहेब चांगला माणूस आहे. चहा मागवला. माझं भाषण ऐकलंय म्हणाला. मग संगणकात बघून हसला.

“तुमची शाळा तर ‘अ’मध्ये आहे, बापू! तज्ज्ञ आम्ही ‘क’ आणि ‘ड’ला देतो. तुम्हाला मदत कशाला? उलट तुमच्याकडे दुसऱ्या शाळा बघायला पाठवायच्यात. आणि सत्काराआधी एकदा पडताळणीला मी स्वतः येतोय.”

कळलं तुला? नापास झालो तेव्हा नुसती नोटीस आली, मदत नाही. पास झालो म्हणून मदत नाही! मी विचारलं, “साहेब, मग मदत कुणाला मिळते?” तो म्हणाला, “चहा घ्या, गार होतोय.”

मी गावसभा बोलवायला लावली. ठराव मांडला, ही श्रेणी आपली नाही, परत करू, फेरतपासणी मागू. अक्का, त्या दिवशी मी असा बोललो की तूसुद्धा टाळी वाजवली असतीस. शाळा म्हणजे काय, लेकराचा हक्क म्हणजे काय, पुस्तकांतलं जेवढं आठवलं तेवढं सगळं ओतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सरपंच तात्या उठले.

“बापू, बोलनं एक नंबर. पर कमानीवर बोर्ड लागलाय. आता काढला तर शेजारचं गाव तोंडात शेन घालंल. इज्जतीचा सवाल हाय.”

“आन् ‘अ’ कशाला सोडायचा बे?” मागून कुणीतरी ओरडलं. “मिळतो का असा रोज?”

सगळे हसले. हात वर करा म्हटलं तेव्हा एकच हात वर झाला. मंगलचा. ज्यांनी माझ्या भाषणाला टाळ्या वाजवल्या, त्यांचे हात मांडीवरच राहिले.

एका बोर्डासाठी गावानं आपली लेकरं घरी बसवली, आणि वर त्याला इज्जत म्हणायचं?

तुझ्यावरही राग आहे माझा, लिहून टाकतो. तू एवढं सगळं एकटीनं कशाला केलंस? दर गुरुवारी स्वतः गेलीस. पाय सुजायचे तरी गेलीस. पण वरच्यांना हे करायला भाग पाडलं नाहीस. तुझी पद्धत कुठल्या नियमात बसवून घेतली नाहीस. कुणाला हाताशी धरून शिकवून गेली नाहीस. चांगुलपणा तुझ्या स्वभावात राहिला, व्यवस्थेत उतरलाच नाही. म्हणून तू गेलीस आणि तोही गेला! मी हे तेव्हा म्हटलं की तू चिडायचीस. “बापू, तू व्यवस्थेवर भाषण कर. मला शीरखुर्म्याचं आमंत्रण हाय, एका पोराच्या घरी जाऊन येते. त्याची मोठी बहीण शाळेत यीना झालीय.”

आणि नेहमीचा तो टोमणा. “लई बोलतोस. एकदा लेकराच्या शेजारी बसून बघ.”

गावसभेतून बाहेर पडलो तर मंगल चपला घालत होती. मी म्हणालो, “माफ कर गं, ठराव पडला.” ती म्हणाली, “ठराव ऱ्हाऊ द्या, बापू. साहेब परत येनार हायत ना? त्या दिवशी मीच आनून बसवते पोरगी. आमच्या टोळीतल्या सगळ्या बायान्ला सांगते. बघू कोन उठवतंय! पर तिला वाचता येत न्हाई, त्याचं काय करावं?”

त्याचं काय करावं! या प्रश्नावर भाषण होत नाही, अक्का.

म्हणून सध्या रोज सकाळी तुझा भाऊ शाळेत जातो. सकाळची शाळा सुरू झाली आहे. शेवटच्या ओळीत, दाराजवळ, शीतलच्या शेजारी मांडी घालून बसतो. गुडघे दुखतात, उठताना भिंत धरावी लागते, पोरं खिदळतात. पहिल्या दिवशी मी तिला शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागलो. ती म्हणाली, “बापू, आधी ह्ये अक्षर सांगा.” तुझीच कुणीतरी वाटते! हेडमास्तरांनी पहिल्या दिवशी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. काल मात्र त्यांनी माझ्या पुढ्यात ऊसतोडीचं आणखी एक पोर आणून बसवलं आणि फळ्याकडे गेले.

शीतलला अजून घडाघडा येत नाही. पडताळणीच्या दिवसापर्यंत येणारही नाही. त्या दिवशी आमची ‘अ’ श्रेणी जाणार, बोर्ड उतरणार आणि तात्या वर्षभर माझ्याशी बोलणार नाहीत. जाऊ दे! श्रेणी गेल्यावर नोटीस आली, तर ती घेऊन मीच कार्यालयाच्या दारात बसेन आणि म्हणेन, साहेब, कागद पोचला, आता माणूस पाठवा. तो येईपर्यंत मी उठणार नाही, ना त्यांच्या दारातून, ना वर्गातून.

आणि तुला वचन देतो. साहेब वर्गात आले की मी भाषण करणार नाही. एक शब्दही नाही. फक्त म्हणेन, धडा नंतर वाचायला सांगा, आधी आमच्या अक्कांचा प्रश्न विचारा. तुझ्या शेजारी कोण बसतं गं?

प्रत्येक पोराला उत्तर येईल. शीतलला तर नक्कीच. ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणेल, “ह्ये काय, आमचे बापू बसतेत.”

तुझा,
आता ऐकायला शिकणारा भाऊ,
बापू