दसऱ्याला बंद पडलेली गाडी

५ ऑक्टोबर १९४६, दसरा

दगा दिला! सीमोल्लंघनाला म्हणून ट्रक काढला, इतवारीतून कामठीच्या रस्त्याला लागलो, आणि नाक्याच्या पुढे दोन आचके देऊन बंद. सगळ्या लोकांदेखत. शेवटी एका बंडीवाल्याचे बैल जुंपून ओढत घरी आणला. वर त्याचं ऐकून घेतलं, की यापेक्षा आमचे बैल बरे.

रुपराव बरोबर होता. ट्रकमध्ये त्याची अर्धी भागीदारी, त्यामुळे त्याचंही तोंड उतरलेलं. तरी सोनं देऊन गळ्यात पडला — "घाबरून नको राहू गा गिरिधर. मी हावो ना."

येत्या गुरुवारी पारशिवनीला चंपतरावांच्या बागेतून संत्र्याची पहिली खेप उचलायची. ती वेळेवर पोचली तर या हंगामातल्या सगळ्या आंबिया बहाराची वाहतूक आमची, असा त्यांचा शब्द आहे. त्या शब्दावर मी रेल्वेची नोकरी सोडून बसलो आहे.

६ ऑक्टोबर

बॅटरी ठीक. हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ आली. इंजिन फिरतं, पण पेट घेत नाही. धूरसुद्धा नाही!

लढाईच्या काळात कामठीच्या छावणीत गाड्यांवर हात काळे केले, पण त्या सगळ्या पेट्रोलच्या. डिझेलला ठिणगी लागत नाही, नुसत्या दाबाने पेटतं. पेट्रोलच्या कुपनांची कटकट नको म्हणून मुद्दाम डिझेलची जुनी लष्करी गाडी घेतली. केवढं शहाणपण! लिलावातल्या दलालाने देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं की इंजिन नव्यासारखं आहे. खोटारडा मेला.

७ ऑक्टोबर

पंपाकडची नळी ढिली करून हातपंप मारला. बुडबुडे! नळीत हवा शिरली होती. वाटलं, सापडलं. सगळी हवा काढली, नट आवळले, हँडल मारलं. काही नाही.

टाकी उतरवून बघू म्हटलं तर रुपराव नको म्हणाला. उगाच खोलशील आणि दुखणं वाढवून ठेवशील, गाडीच फसवी निघाली, म्हणाला. तोही कंटाळला असणार.

८ ऑक्टोबर

रुपराव पारशिवनीला गेला, चंपतरावांकडे दोन दिवस मागून घ्यायला. मी नळ्या फुंकत बसलो. जो तो विचारतो, चालू झाली का? तोंड लपवावंसं वाटतं.

९ ऑक्टोबर

सापडलं. न सापडतं तर बरं होतं.

फिल्टर खोलला तर खालच्या वाटीत पाणी. डिझेलमध्ये पाणी! टाकीच्या बुडाचा बोल्ट सोडला, तर आधी पाणीच आलं. आणि त्या पाण्याबरोबर तुळशीचं पान.

तुळस आमच्या अंगणातली. आईला विचारलं. तिने काही लपवलं नाही. खंडेनवमीला घरातल्या सगळ्या हत्यारांबरोबर ट्रकचीही पूजा केली होती, तेव्हा रामटेकच्या अंबाळा तळ्याचं तीर्थ तिने गडूभर टाकीत ओतलं. मला अपघात होऊ नये म्हणून!

मी नको ते बोललो. पोराच्या पोटावर पाय दिलास म्हणालो. वैऱ्याने केलं असतं तर सोसलं असतं, पण जन्म देणारीनेच घात करावा? ती आत गेली.

संध्याकाळी रुपराव आला. मुदत मिळाली नाही. पण उद्याची खेप चुकू नये म्हणून त्याने आपल्या साळ्याची लॉरी लावून दिली आहे. तुझ्या नावाला बट्टा नको, म्हणाला. मी त्याचे पाय धरायचेच बाकी ठेवले. आईचं सांगितलं तर टोपी काढून झटकत बसला. मग म्हणाला, "जाऊ दे गा. म्हातारं मानूस, तिले काय समजते? तू आता इचारू नको तिले काही."

माणूस असावा तर असा.

११ ऑक्टोबर

टाकी धुतली, नवं डिझेल भरलं, हवा काढली. तिसऱ्या हँडलला सुरू!

आवाज ऐकून आई दारात आली. मी मान वर केली नाही. ती परत आत गेली.

१२ ऑक्टोबर

ट्रक घेऊन पारशिवनीला गेलो. उशीर झाला. सगळा बहार गेला. चंपतराव शांतपणे म्हणाले, आता वाहतुकीचं रुपराव आणि त्याचा साळा दोघं मिळून पाहतील. ज्याची लॉरी वेळेवर आली त्याला काम दिलं, यात त्यांचं काय चुकलं?

रुपरावने मला हे सांगितलं नव्हतं. संकोच वाटला असेल. निदान काम आपल्या माणसाकडे राहिलं, असं येताना स्वतःला समजावत होतो. माझ्या हाती मात्र ना नोकरी ना बहार. आणि हे सगळं परक्याने नाही, घरच्याच माणसाने केलं. आईशी अजून बोललो नाही. बोलवतच नाही.

१३ ऑक्टोबर

आज आईच बोलली. भाकरीचं ताट पुढे ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी त नुसतं वरून शिंपडून राहिली होती रे. रुपरावच म्हणे, काकू, पोटात टाका, पुरा गडू टाका. झाकन बी त्यानंच उघडून देल्लं."