डावं पुढचं चाक

प्रिय चिमणे,

आज दुपारी अपघाताची तपासणी करणारे अधिकारी वर्कशॉपमध्ये येऊन सांगून गेले. गाडी भिंतीवर आदळली म्हणून चाक मोडलं नाही. चाक आधी निखळलं, भिंत नंतर आली. डाव्या बाजूचा खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, झिजून झिजून आपल्या वाटीतून सुटला होता. वाटीच्या कडेला जुना गंज आहे, म्हणजे झीज त्या दिवसाची नव्हे. वेगही बेताचाच होता. वळणावर जावईबापूंनी स्टिअरिंग फिरवलं आणि चाकाने ऐकलं नाही, एवढंच.

जावईबापू गेल्यापासून आठ महिने तू एकच गोष्ट घोळवते आहेस. त्या सकाळी तू त्यांना म्हणालीस, जा एकदाचे, डोकं उठवलंय नुसतं. ते रागाने निघाले, रागाने गाडी हाणली, असं तूच ठरवून टाकलंस. आता ते सोड.

माझं म्हणशील तर काम चालू आहे. फक्त रस्त्यात उभी गाडी दिसली की हात आपोआप तिच्या चाकावर जातो. परवा भाजीवाल्याच्या टेम्पोचं चाक हलवत होतो, तर तो म्हणाला, काय मिस्त्री, पिकलंय का बघताय? सगळे हसले, मीही हसलो. पण घट्ट चाकातूनही मला खट्‌ असा आवाज येतो, आणि तो तळहातात दिवसभर राहतो. जेवताना घास हातात असला तरी येतो.

अपघाताच्या आठ दिवस आधी ते गाडी घेऊन आले होते, आठवतं? म्हणाले, डॉक्टर, पेशंट खड्ड्यात कण्हतोय. तुमच्या बहिणीपेक्षा कमी, पण कण्हतोय. मी जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. घट्ट. मग आडवं धरून हलवलं, तर स्टिअरिंगचा टाय रॉड ढिला लागला. तो बदलला, आवाज कमी झाला. म्हटलं, आता खुशाल फिरा.

बाबांनी मला पान्हा हातात देण्याआधी एक गोष्ट शिकवली होती: आधी स्प्रिंग कुठे बसलीय ते बघ, मग जॅक लाव. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना जॅक सांगाड्याखाली लावला की हा बॉल जॉइंट मोकळा होतो आणि ढिलाई हाताला कळते. त्यांची गाडी जुन्या घडणीची, स्प्रिंग खालच्या आर्मवर, चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यावर, बसलेली. तिथे जॅक आर्मखालीच लागतो. नाहीतर स्प्रिंगच्या जोराने झिजलेला सांधाही घट्ट भासतो. त्या दिवशी मी नऊ नव्या गाड्या तपासल्या होत्या. दहावीलाही सवयीने जॅक सांगाड्याखालीच सरकवला.

मोडलेली गाडी पाहिली त्याच दिवशी मला हे कळलं होतं, चिमणे. त्याच संध्याकाळी तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतीस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होतो. तोच हात. तू दोष घेत होतीस, मी तो घेऊ दिला.

गाडी शेवटची कुणी तपासली हे त्या अधिकाऱ्यांना माहीत नव्हतं. आज मी सांगितलं. उद्या अकराला त्यांच्या कचेरीत लेखी जबाब द्यायचा आहे. पंधरा दिवसांत अहवालाची प्रत तुझ्याकडे येईल आणि तिच्यात माझं नाव असेल. ते कागदावरून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तू बोललीस ते बोललीस. नवरा-बायकोत असं रोज बोललं जातं, त्याने चाक निखळत नाही. रविवारी सकाळी मी येईन. बेल एकदाच वाजवीन आणि जिन्यात बसेन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

अजून म्हणू देशील तर, तुझाच,
दादा