तिसऱ्याचं वजन

४ मे, रविवार

ओदीलने त्याला बोलावलं! मला न विचारता. दुपारच्या जेवणात, सगळ्या फ्लाइंग क्लबसमोर, ग्लासावर चमचा वाजवून - "यंदा जूनच्या फेरीला ल्युदोविक येतोय आमच्याबरोबर!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. करतो काय?

एकोणीस वर्षं ही फेरी आम्हा नवरा-बायकोची आहे. क्लबचं चार सीटचं लाकडी विमान घ्यायचं, अमिआँहून निघायचं, बुर्गोन्यला उतरायचं आणि पाच रात्री पाच द्राक्षमळ्यांच्या गावांत काढायच्या. विमान ती चालवते, मार्ग मी आखतो. मी उडायला शिकलो नाही, जन्मभर जमिनी मोजल्या. पण कुठे उतरायचं, कुठे जेवायचं, कोणाच्या घरी झोपायचं हे सगळं माझ्या पेन्सिलीने ठरतं. त्यात तिसरा कशाला?

५ मे

ल्युदोविक. वय एकसष्ट. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मोठ्या विमानांचा कॅप्टन होता. डोक्यावरचे केस सगळे शाबूत.

११ मे, रविवार

क्लबच्या ओट्यावर कॉफी पीत बसलो होतो. आमचं विमान उतरलं. डाव्या बाजूने - कप्तानाच्या बाजूने - कोण उतरावं? तो! ओदील उजवीकडून. ती माझी जागा!! तिच्या जागेवर तो आणि माझ्या जागेवर ती. तळपायाची आग मस्तकात गेली. कॉफी तशीच ठेवून घरी आलो.

संध्याकाळी विचारलं, "डावीकडे तो कसा?"

"बसला. त्यात काय?"

त्यात काय! गेल्या वर्षी अंगात ताप असताना तिने ती सीट कोणाला दिली नव्हती. क्लबच्या अध्यक्षालासुद्धा हात लावू देत नाही. आणि याला दिली. मी उठून भांडी घासली.

१४ मे

मुक्कामांची यादी केली. त्याला मुद्दाम प्रत्येक गावी वेगळ्या घरात खोली. दोन गावांत तर गावाच्या दुसऱ्या टोकाला.

क्लबचा जुना दंडक आहे - उद्या सकाळी जो विमान चालवणार, त्याने आज संध्याकाळी वाइनला तोंड लावायचं नाही. म्हणून एकोणीस वर्षं ओदील फक्त वास घेते, ग्लास फिरवते आणि माझ्याकडे सरकवते. मी दोघांची पितो. मळेवाले हसतात, "बाईसाहेब, नवऱ्याच्या तोंडून तरी चव सांगा!" तो आमचा ठरलेला खेळ आहे.

आज यादी वाचता वाचता म्हणाली, "यंदा मी पिणार हं. रोज संध्याकाळी."

"आणि सकाळी?"

"सकाळी ल्युदोविक आहे की."

म्हणजे सगळ्या सकाळी त्याच्या! आणि संध्याकाळी ही मजेत पिणार, तो समोर पाण्याचा ग्लास घेऊन हिच्याकडे बघत बसणार. मी यादीतलं पान फाडलं आणि पुन्हा लिहिलं. अक्षर बिघडलं होतं.

१८ मे, रविवार

जेवायला आला घरी. ओदीलने बोलावलं. मारोआलचं चीज घेऊन आला - घरभर वास! मी गेल्या महिन्यात आणलं तर म्हणाली होती, "खिडकी उघड आधी." आज दोनदा वाढून घेतलं.

माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतो, "अरे एव्रार, तुझ्या नकाशांची ख्याती ऐकून आहे मी! तू मागे पाय पसरून बस राजासारखा. डुलकी काढ. पुढचं आम्ही दोघं बघतो."

आम्ही दोघं!

सहासष्टाव्या वर्षी हे भोगतोय. चाळीस वर्षांच्या संसारात मला कधी कोणाचा हेवा वाटला नाही, आता कसर भरून निघतेय. तो हसला की माझ्या पोटात दुखतं. ती हसली की जास्त दुखतं.

२२ मे

मादाम बेर्त्याँचं पत्र आलं. बुर्गोन्यमधल्या बोन गावाजवळ तिचा मळा आहे आणि मळ्यात तिची स्वतःची धावपट्टी - चारशेवीस मीटर, गवताची, चढाची, शेवटी थेट वेली. परवानगीशिवाय उतरता येत नाही. ओदील पाच वर्षं माझ्या मागे लागली होती, "एकदा तिथे उतरू दे रे." मी दर वर्षी नाही म्हणायचो. फार आखूड आहे ती. यंदा मीच गुपचूप परवानगी मागितली.

पत्र दाखवलं तर तिने माझं कपाळ चुंबलं. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

कारण गणित मी आधीच मांडून ठेवलंय. तिथे पेट्रोल मिळत नाही. भरलेली टाकी, बॅगा आणि तीन माणसं - एवढं ओझं घेऊन त्या पट्टीवरून विमान उठत नाही. दोन माणसं असली तर आरामात उठतं. ल्युदोविकला घरी बसावं लागेल. मी एक अक्षर वाईट बोलणार नाही. कागद बोलेल.

(टाकी अर्धी भरली तर तिघं मावतो. पुढे बोनच्या मोठ्या विमानतळावर पेट्रोल आहे. हे मात्र मी कोणाला सांगणार नाही.)

२५ मे, रविवार

वजनं केली. क्लबच्या तक्त्यात सगळे आपापलं वजन लिहितात आणि सगळे खोटं लिहितात. कोणी लग्नाच्या वेळचं, कोणी आजारपणातून उठल्याचं. मी घरून काटा नेला. "लहान धावपट्टी आहे, यंदा खरं वजन हवं," म्हटलं.

ओदील - एकसष्ट. मी - बहात्तर. ल्युदोविकने पंचाऐंशी लिहिलं होतं. काट्यावर उभा राहिला - चौऱ्याण्णव!

"बूट काढू का?"

"विमानात बूट काढून बसणार आहेस का?" मी म्हणालो.

सगळे हसले. तोही हसला, पोट धरून. लाज म्हणून नाही. मी शाईने लिहिलं चौऱ्याण्णव, आणि खाली रेघ मारली. महिन्याभरात पहिल्यांदा जेवण गोड लागलं.

३१ मे

आज कागद ओदीलपुढे ठेवला. चेहरा शक्य तितका पडेल ठेवला.

"अगं, फार वाईट वाटतंय, पण बघ - तिघं नाही बसत. एकाला राहावं लागेल."

तिने कागद खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. बराच वेळ वाचला. दोनदा. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ दे ल्युदोविकला, आपण दोघंच जाऊ. माझं उत्तर तयार होतं - "बिचारा. मी त्याला समजावून सांगेन."

ती म्हणाली, "मग तू ट्रेनने ये ना. बोनपर्यंत आहे ट्रेन. बॅगाही घेऊन ये."

"मी?"

"ल्युदोविकला नाही काढता येणार, एव्रार."

"का? मला काढता येतं आणि त्याला नाही?"

"हट्ट करू नकोस. एवढं एकदा ऐक माझं."

आणि उठून बागेत गेली. मी तिथेच बसलो, स्वतःच्या हाताने पायावर मारून घेतलेला धोंडा बघत.

१ जून

टाकी अर्धी भरली की झालं - एवढं म्हटलं तर पुन्हा मागच्या सीटवर बसेन. पण मग म्हणावं लागेल, मी लबाडी केली. आणि का केली. नाही म्हणणार. आणि म्हटलं तरी बघायचं काय? दोघांची डोकी, मागून?

२ जून

तिकीट काढलं. पॅरिसला गाडी बदलायची. तीन बॅगा. तिच्या बॅगेत एक नवा निळा झगा दिसला. माझ्यासाठी एवढ्यात कधी घेतला होता नवा झगा? घडी विस्कटून पुन्हा ठेवली. मग नीट केली. असला कसला माणूस झालोय मी.

३ जून

तिच्याशी बोलत नाही. तिला कळलंय की नाही, देव जाणे. शेंगा सोलताना गुणगुणत होती.

४ जून

सकाळी क्लबात दर वर्षीसारखा फेरीचा अर्ज द्यायला गेलो. कप्तानाच्या रकान्यात ओदीलचं नाव. ऑफिसातल्या रोझलीनबाईंनी अर्ज परत केला. "अहो एव्रार, सवयीने लिहिलंत वाटतं. ल्युदोविकचं लिहा." मी म्हटलं, का? त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "मार्चमध्ये डॉक्टरांनी विमान चालवायचं प्रमाणपत्र नाकारलं ना तिला. डोळा... आता परत मिळायचं नाही. तुम्हाला माहीत नाही?"

घरी आलो. ओदील बागेत होती. म्हणालो, "टाकी मी मुद्दाम भरलेली धरली होती. अर्धी पुरते. तिघं जाऊ."

तिने वर पाहिलं नाही. "रोझलीनने सांगितलं?"

"हो."

माती उकरत राहिली. मग म्हणाली, "जळत होतास तेच बरं होतं रे. आता तू माझ्याशी चांगला वागायला लागशील."