फेस वजा अर्धा लिटर

४ मार्च १९८७

आज सकाळी कोरा चहा. इतिहासानं नोंद घ्यावी - दूध उत्पादक संस्थेच्या सचिवाला, त्याच्याच घरी, दारात म्हैस बांधलेली असताना, कोरा चहा. सत्यभामेला जाब विचारला. म्हणाली, "तुमीच सांगितलं ना, घरात थेंब ठिवू नको, सगळं डेरीला. मग न्हाई ठिवला." लग्नाला पंचवीस वर्षं होत आली. बायकोनं माझं ऐकलं ते हे एकदाच.

खरं तर दोष तिचा नाही. पावसानं दगा दिला, चारा संपला, म्हशी आटल्या. जानेवारीत गावचं दूध इतकं घटलं की दूध संकलन केंद्राचा टेम्पो यायचा बंद झाला. केंद्राची चिठ्ठी आली - 'आपले दूध आपण आणून घालावे.' तेव्हापासून नऊ घरांचं दूध मीच फटफटीवरून कडा गावच्या केंद्रावर नेतो. दोन कॅन मागं, एक पुढं लेगगार्डला टांगलेला, इंजिनाला खेटून. संस्थेत काम करणारे दोघंच. मी आणि फटफटी. पगार दोघांनाही नाही.

केंद्रावर माप रोज अर्धा लिटर कमी भरतं. म्हणजे कुणीतरी आम्हाला फेस विकतंय. माझा संशय वच्छलाबाईवर. पोरगा-सून ऊसतोडीला गेलेत, घरात ती, दोन नातवंडं आणि एक म्हैस. सगळ्यांच्या मागून धावत येते, मापावर दोन बोटं फेस. गरीब आहे, कबूल. पण फेस तो फेस. पंधरवडा झाला, तिच्या नावापुढं 'फेस वजा अर्धा लिटर' असं लिहितो.

आणखी एक. फाट्याजवळच्या चढावर रोज खवा भाजल्याचा वास येतो. बिभीषणचं हॉटेल तिथंच आहे. भर दुष्काळात या गड्याला दूध कोण घालतं? साप्ताहिकातल्या माझ्या सदरात याचा समाचार घ्यायलाच हवा.

५ मार्च

फटफटी दमली. चढावर पहिल्या गिअरमध्येसुद्धा रडत होती. आणि एक नवा आवाज - फुस्, फुस्. सासुरवाशीण माजघरात नाक ओढते तसा. प्लग बदलला. काही फरक नाही.

केंद्रावर उशीर. तिथले साहेब घड्याळाकडं बघून म्हणाले, "सचिव, तुमचं दूध किती, अन् त्याला वाट किती बघायची? नियम माहिती आहे ना? लागोपाठ तीन दिवस दूध नाही आलं तर संस्थेचं खातं बंद." माहिती आहे. खातं बंद झालं की परत उघडायला वरची मंजुरी लागते. ती येईपर्यंत नऊही म्हशींना बाजार दाखवावा लागेल. त्या घरांत दुधाशिवाय दुसरा पैसा येत नाही.

परतताना बिभीषणला मुद्दाम विचारलं, "काय, खवा जोरात दिसतोय?"

"कसला खवा? दूध कुठंय? बसा, चहा घ्या. कोरा हाय."

मुरलेला माणूस.

संध्याकाळी वच्छलाबाई दारात. "नाना, फेस काय मी तोंडानं फुंकून आणते का?"

म्हणालो, "म्हशीला विचारून सांगतो."

"इचारा. ती तरी खरं बोलंल."

जीभ चांगली आहे. माझ्या सदराला उपयोगी पडली असती.

६ मार्च

इंजिनाचं डोकं सिलिंडरवर बसतं त्या सांध्यातून काळं तेल पाझरताना दिसलं. नट ढिले झाले असणार. पान्याच्या दांड्यात लांब पाइप घातला आणि ओळीनं एकेक नट दातओठ खाऊन आवळला. मेकॅनिक म्हणजे तरी काय, जोर आणि आत्मविश्वास.

संध्याकाळ - फुसफुस वाढली.

७ मार्च

चढाच्या मध्यावर बंद. किक मारून पाय गेला, ती हलेना. एसटी दुपारी. बैलं सगळ्या गावाची चारा-छावणीत, गाडी ओढण्याइतकं बळ नाही. दूध बाभळीखाली ठेवलं, बाभळीला सावलीच नाही. नासलं.

ढकलत गावात आणली. बायका आपापल्या वाट्याचं नासलेलं दूध घेऊन गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

संस्थेच्या चेअरमनकडं जीप मागितली. छावणीच्या पाहणीला गेली म्हणे. छावणी हाकेच्या अंतरावर आहे. जीप परवापासून पाहते आहे.

एक दिवस गेला.

८ मार्च

आजचंही गेलं नाही. दोन दिवस. उद्या नाही पोचलं तर संपलं.

फाट्यावरचा शफी मेकॅनिक सायकलवर हत्यारांची पिशवी बांधून आला. आल्याआल्या म्हणाला, "रिंग-पिस्टन गेलाय. बोअर कराया नगरला न्यावं लागंल." माझा चेहरा पाहून त्यालाच दया आली. "थांबा. आदी बगू तरी. साबणाचं पाणी द्या तांब्याभर."

संस्था आमच्याच ओसरीत; दारात नऊच्या नऊ बायका बसलेल्या. पाण्याचा टँकर येऊन चार दिवस झालेत. सत्यभामेनं आत जाऊन घागर वाजवून दाखवली. ठणठण. कुणी जागचं हललं नाही. मग वच्छलाबाई उठली, घरी गेली, तांब्या घेऊन आली. माझ्याकडं न बघता शफीपुढं ठेवला. "नातवांचं हाय. सांडू नगंस, बाबा."

शफीनं निम्म्या पाण्यात साबण घुसळला, फडक्यानं फेस सांध्यावर फिरवला. "मारा किक." मारली. एका जागी फेसाचा हा एवढा फुगा आला, फुटला, पुन्हा आला.

"ह्ये बगा. रिंग न्हाई, पिस्टन न्हाई. हेड गॅस्केट. हितनं दम सोडतीया."

डोकं उतरवलं. मधली गॅस्केट, म्हणजे तांब्याची पातळ चकती, एका बाजूला जळून काळी. शफीनं नटांकडं पाहिलं. "कुणी आवळलं असं?"

"मी."

"कुस्ती खेळलात व्हय? समोरासमोरचे दोन, मंग उरलेले दोन, थोडं थोडं आवळायचं असतंय, सायेब."

नवी चकती नगरहून, दोन दिवसांनी. दोन दिवस कुठून आणू? "मंग हीच पुन्ना मऊ करू," म्हणाला. स्टोव्हवर ती लालबुंद केली, चिमट्यानं उरलेल्या पाण्यात सोडली. चर्र झालं. नातवांचं पाणी काळं झालं.

"आता काच द्या. सपाट पायजे." गावात सपाट काच एकच - संस्थेत लावलेल्या चेअरमनच्या फोटोची. उतरवली. शफीनं तिच्यावर डोकं ठेवलं, बोटानं दाबलं. टक् टक्. एका अंगाला हलत होतं. "वाकलंय. लई तापलं असणार. तापलं कावून पन?" काचेवर पॉलिश पेपर पसरून घासावं लागणार होतं. संस्थेच्या कामात चेअरमन पहिल्यांदाच उपयोगी पडले.

घासायच्या आधी तो डोक्यावरच्या पात्या साफ करायला बसला. हवा लागून इंजिन थंड राहावं म्हणून त्या असतात. आमच्या पात्यांमध्ये फटच उरली नव्हती. तपकिरी, दगडासारखा थर. "माती," मी म्हणालो. खरवडेना, म्हणून त्यानं डोकं स्टोव्हवर धरलं.

वास आला. खमंग, भाजल्या खव्याचा. फाट्याजवळच्या चढावरचा वास.

मी उठलो, लेगगार्डचा कॅन आणला, झाकण उलटं केलं. आतलं रबर अर्धं तुटून गेलेलं. रोज खड्ड्याखड्ड्याला हिंदकळून दूध झिरपायचं, तापल्या इंजिनावर पडायचं, वर धूळ बसायची. रोज अर्धा लिटर.

शफी हसायला लागला. "सायेब, ह्यो तर खवा. दूध तुमीच आटवताय न्हवं!"

बायकाही हसल्या. वच्छलाबाई हसली नाही. तिनं काळ्या पाण्याचा तांब्या उचलला, पाहिला, परत खाली ठेवला. आणि घरी गेली.

९ मार्च

तिसरा दिवस.

शफीनं काल डोकं घासून, चकती घालून बसवलं आणि झाकणाला सायकलच्या ट्यूबची कडी कापून लावली. तिन्ही कॅन मागं बांधले. निघताना सत्यभामा एवढंच म्हणाली, "हळू." वच्छलाबाईनं माप ओतलं आणि फेस खाली बसेपर्यंत तिथंच उभी राहिली. मला दाखवायला.

सगळी वाट कान इंजिनात. चढ आला. गिअर खाली घेतला. श्वास माझाच धरलेला. अर्ध्यावर फटफटी खोकली - मेलो, म्हटलं. पेट्रोल कमी होतं, नळ रिझर्व्हवर केला, चालली. वास नाही. फुस नाही. दारात उभ्या बिभीषणला हात केला, त्याला कळेना कशाबद्दल.

वेळेत पोचलो. खातं वाचलं.

साहेबांनी दूध मोजलं. हिशोबाबरोबर माप पुरं भरलं, थेंब कमी नाही. माप कमी भरावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

१० मार्च

कोरा चहा. आज मागून घेतला. घरच्या दुधातून बाजूला काढलेल्या अर्ध्या लिटरचं काय करायचं, सत्यभामेनं विचारलं नाही. पुढचा पंधरवडाही विचारणार नाही.

ते दूध वच्छलाबाईच्या तांब्यात ओतलं. तांब्या चिंचेनं घासून घेतला होता. ती माप घालायला आली तेव्हा तिच्या हातात दिला.

तिनं आत बघितलं. फुंकर मारून फेस बाजूला केला, दूध कुठवर आहे ते पाहिलं.

"बरोबर हाय," म्हणाली.