तळ्यातले शेवाळ आणि शेजाऱ्यांचे ग्रह

बेलापूर,
भाद्रपद वद्य पंचमी, शके १९०९

ज्योतिर्विद्वर्य मधुकरराव यांसी,

वाईच्या कृष्णेला आणि तुमच्या गुडघ्याला आमचा नमस्कार. गुडघा कसा आहे, असे तुमची बहीण अरुणा विचारते. (मी तो बरा आहे असे धरून चालतो. दुखण्यावर दीड पान लिहिणाऱ्या माणसाची प्रकृती ठणठणीत असते.) इकडे सर्व क्षेम. मासेही क्षेम असावेत; दिसत नाहीत.

गेल्या वर्षी परसात मी हातभर खोल तळे बांधले, तेव्हा अरुणाला तिथे कपडे वाळत घालायचे होते. मी तिला कमळांची वर्णने ऐकवून गप्प केले. आज ते पाणी पातळ पालकभाजीसारखे झाले आहे आणि तिने निर्वाणीचे सांगितले आहे की, दिवाळीपर्यंत तळ दिसला नाही तर तळे बुजवायचे आणि दोऱ्या बांधायच्या.

पंपबिंप शाळामास्तराने दुकानाबाहेरूनच बघायचे, म्हणून उपाय सगळे घरगुती केले. चहाच्या गाळण्याने शेवाळ काढले. (इथे आलात की चहा पिताना हे आठवू नका.) ऊन अडवायला चार काठ्यांवर जुने धोतर ताणले, तर लोक विचारू लागले, मुंज कोणाची? निम्मे पाणी बादल्यांनी उपसून अळूला घातले आणि तळ्यात नळाचे भरले. अळू हत्तीच्या कानाएवढे झाले, पाणी आठवड्यात पुन्हा हिरवे.

कारण सांगतो, हसू नका. संस्कृत शिकवणाऱ्याला पत्रिका कळते, अशी आमच्या रांगेतल्या घरांची समजूत आहे. शेजारचे पोपटराव अडलेल्या बढतीचे टेन्शन घेऊन आले. त्यांना कटवायला मी म्हणालो, रोज माशांना कणकेच्या गोळ्या घाला. वाटले, गृहस्थ खाडीवर जाईल, तेवढेच चालणे होईल. गृहस्थ आमच्या परसात आला. आणि महिन्यात बढती झाली!

तेव्हापासून सकाळी आमच्याकडे रांग असते. मासे तृप्त होऊन केव्हाच तळाशी जातात, उरलेल्या गोळ्या कुजतात आणि त्यावर शेवाळाच्या पंगती उठतात. परवा मी शेवंताबाईंना (यांच्या मुलीचे लग्न जमत नाही) समजावले की, मासे काही उपाशी नाहीत.

“नसूदेत,” त्या म्हणाल्या, “आमचे ग्रह उपाशी आहेत ना? मास्तर, तुम्हीच सांगायचं नि तुम्हीच अडवायचं? पोरगी काय तुमच्या ओट्यावर आणून बसवू?”

मी बाजूला झालो. अरुणा खिडकीतून दोऱ्यांची लांबी डोळ्यांनी मोजत होती.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचे यजमान,
सुधीर

ता. क. : तुमच्या ज्योतिषाची मी आजवर केलेली थट्टा कायम आहे. तरी एक पोस्टकार्ड टाका. पाकीट नको, कार्ड माझ्याआधी सगळी रांग वाचते. त्यात ठळक अक्षरात लिहा की, ग्रहमान पालटले असून यापुढे गोळ्या माशांऐवजी गाईला घालाव्यात. (आमच्या परसाच्या फाटकातून गाय येत नाही, याची खात्री करून घेतली आहे.)

पुन्हा ता. क. : पण कार्ड पुढच्या मंगळवारनंतरच टाका. त्या दिवशी शेवंताबाईंच्या मुलीला बघायला मंडळी येणार आहेत. तोवर चाललेय ते चालू द्यावे. आज सकाळी तिच्या नावाने दोन गोळ्या मीही टाकल्या.